उपग्रहाची नजर आणि गावाचे पाणी : जलसंधारण नियोजनातील सुदूर संवेदन पद्धतीची चिकित्सा

गोषवारा

उपग्रह प्रतिमा व भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या साहाय्याने जलसंधारणाच्या कामांसाठी योग्य स्थळे निश्चित करण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. शासकीय आराखडे, विद्यापीठीय प्रबंध आणि शोधनिबंध या तिन्ही ठिकाणी ती जवळजवळ एकाच साच्यात वापरली जाते. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा केली आहे. नकाशाचे प्रमाण, भारांकांची निवड, पावसाची सरासरी, बेसाल्ट खडकातील भूजलाचे स्वरूप आणि जमिनीचे सामाजिक वर्गीकरण या पाच मुद्द्यांवर ही पद्धत कोठे उपयुक्त ठरते व कोठे अपुरी पडते, याचा विचार येथे केला आहे. उपग्रह प्रतिमा ही नियोजनाची सुरुवात आहे, तिला नियोजनाचा पुरावा मानणे धोक्याचे आहे, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली, पाणलोट क्षेत्र, बेसाल्ट, जलयुक्त शिवार, पाण्याचा ताळेबंद.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुष्काळाचा इतिहास जुना आहे; परंतु दुष्काळाकडे नकाशाच्या माध्यमातून पाहण्याचा इतिहास तुलनेने नवा आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो हात राबत होते. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अवकाशात सोडला. या दोन घटनांचा त्या वेळी परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पाझर तलावाची जागा ठरविताना ओव्हरसियर, तलाठी आणि गावातील जाणती माणसे यांचा शब्द चाले. आणि पुष्कळदा मजुरांना काम कोठे देता येईल, यावरच जागा ठरे. त्या घाईत उभे राहिलेले अनेक तलाव पुढे कोरडे राहिले, हे सर्वज्ञात आहे. जागेची निवड शास्त्रीय निकषांवर व्हावी, ही मागणी या अनुभवातूनच पुढे आली, आणि ती रास्तच होती.

आज परिस्थिती पालटली आहे. कोणत्याही पाणलोट क्षेत्राचा उतार, प्रवाहजाल, मृदा, भूरूपे आणि भूमी उपयोजन यांचे थर संगणकावर एकमेकांवर ठेवून काही दिवसांत 'योग्य', 'मध्यम योग्य' आणि 'अयोग्य' अशा रंगांचा नकाशा तयार करता येतो. प्रश्न असा की, हा नकाशा नेमके काय सांगतो आणि त्याच्या नावावर आपण काय खपवतो? सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक बांधाची जागा जेव्हा 'उपग्रहाने ठरविली' असे म्हटले जाते, तेव्हा त्या जागेविषयी शंका घेण्याचा गावकऱ्यांचा अधिकार आपोआप क्षीण होतो. म्हणूनच या पद्धतीची चिकित्सा करणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

२. साधनांची जडणघडण

भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह बैकानूर येथून सोडला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. आयआरएस-१ए वरील दोन संवेदकांची भूविभेदनक्षमता अनुक्रमे ७२.५ मीटर व ३६.२५ मीटर होती. डिसेंबर १९९५ मधील आयआरएस-१सी उपग्रहाने २३.५ मीटरच्या बहुवर्णी आणि ५.८ मीटरच्या कृष्णधवल प्रतिमा उपलब्ध करून दिल्या. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने २.५ मीटर विभेदनाच्या त्रिमितीय प्रतिमांची जोडी दिली आणि त्यातून अंकीय उंची प्रतिमाने तयार करणे शक्य झाले.

या साधनांचा नियोजनातील पहिला मोठा वापर १९९० च्या दशकातील 'शाश्वत विकासासाठी एकात्मिक अभियान' या अवकाश विभागाच्या उपक्रमात झाला. दुष्काळप्रवण जिल्ह्यांचे १:५०,००० प्रमाणावरील विषयवार नकाशे तयार करून त्यांवरून भूमी व जल विकासाचे कृती आराखडे सुचविण्याची रीत या उपक्रमाने घालून दिली. पुढे पेयजल अभियानासाठी भूजल संभाव्यता नकाशेही याच प्रमाणावर तयार झाले. २००८ मध्ये लँडसॅटचा संपूर्ण संग्रह विनामूल्य खुला झाला, ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ सुरू झाले आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या प्रतिमा कोणालाही मिळू लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भू-अवकाशीय माहितीवरील बहुतेक निर्बंध उठविले. एकेकाळी हैदराबादला अर्ज करून, पैसे भरून मिळणारी सामग्री आज महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या संगणकावर सहज येते. ही लोकशाहीकरणाची घटना आहे, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

३. या पद्धतीने काय साधले?

चिकित्सेपूर्वी उपलब्धी नोंदविणे न्यायाचे ठरेल. पहिली गोष्ट म्हणजे, नियोजनाचे एकक गावाच्या शिवेवरून पाणलोट क्षेत्राकडे सरकले. पाणी गावाची शीव मानीत नाही, ते उतार मानते. ही साधी बाब अंकीय नकाशाने कार्यालयाच्या भिंतीवर आणली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली असून भूजलाचे मूल्यांकन त्यानुसार होते.

दुसरे असे की, दुर्गम डोंगराळ भागातील प्रवाहजाल, वनाच्छादन आणि जमिनीची धूप यांची तुलना अनेक वर्षांच्या प्रतिमांवरून करता येऊ लागली. तिसरे म्हणजे, अयोग्य जागा वगळण्याचे काम सोपे झाले. तीव्र उतारावर सुचविलेले शेततळे किंवा पाणलोट क्षेत्र नगण्य असलेल्या ओघळीवर सुचविलेला सिमेंट नाला बांध नकाशावर तत्काळ उघडा पडतो. नकार देण्याची ही क्षमता या पद्धतीचे सर्वांत भरवशाचे बळ आहे. अडचण सुरू होते ती नकाशा होकार देऊ लागतो तेव्हा.

४. प्रमाणाचा प्रश्न

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ २५ मीटर जमीन झाकते. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या ज्या नाल्यांवर सिमेंट बांध घातले जातात, त्यांची रुंदी बहुधा याहून कमी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषांमधील अंतर साधारणतः २० मीटर असते. तर नाला बांधाची उंची दीड-दोन मीटर. ज्या नकाशात दोन रेषांमध्ये दहा बांध एकावर एक बसतील, त्यावरून एका बांधाची जागा ठरविणे म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोने तोलणे होय.

प्रतिमांच्या बाबतीतही हेच. २३.५ मीटर विभेदनाच्या प्रतिमेतील एक घटक सुमारे साडेपाच गुंठे जमीन व्यापतो. दीर्घकाळ शोधनिबंधांत वापरल्या गेलेल्या ९० मीटरच्या अंकीय उंची प्रतिमानात एक घटक म्हणजे दोन एकर. त्या दोन एकरांना एकच उंची बहाल केलेली असते. या प्रतिमानाच्या उंचीतील त्रुटीची विहित मर्यादा १६ मीटर होती, तर कार्टोसॅटवर आधारित प्रतिमानासाठी ती ८ मीटर आहे. शेजारशेजारच्या घटकांतील सापेक्ष त्रुटी याहून कमी असते हे खरे. तरीही बांधबंदिस्ती, चर आणि सांडवा यांचा हिशेब ज्या सेंटिमीटरांत होतो, त्या पातळीला ही साधने पोहोचत नाहीत. तेथे आजही डंपी लेव्हल किंवा साधी पाणनळी घेऊन जमिनीवर उतरावे लागते.

असे असूनही बहुसंख्य निबंधांत अंतिम नकाशावर बांधांचे ठिपके अक्षांश-रेखांशांसह दाखविलेले असतात. अक्षांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत लिहिला की, वाचकाला काही सेंटिमीटरांच्या अचूकतेचा भास होतो. मूळ सामग्री मात्र दोन एकरांची असते. दोहोंमधील हे अंतर निबंधात कोठेही नोंदविलेले नसते. त्रुटीचा उल्लेख टाळणे ही या लेखनप्रकाराची पहिली आणि सर्वांत सहज सुधारता येण्याजोगी उणीव आहे.

५. भारांकांची बेरीज

स्थळनिश्चितीची प्रचलित रीत भारित अध्यारोपणाची आहे. प्रत्येक घटकाला महत्त्वानुसार भारांक दिला जातो, प्रत्येक वर्गाला गुण दिले जातात आणि गुणाकारांची बेरीज करून योग्यता ठरविली जाते. भारांक 'तज्ज्ञांच्या मताने' ठरविले, एवढे एक वाक्य बहुधा पुरेसे मानले जाते. हे तज्ज्ञ कोण, त्यांनी तो परिसर पाहिला होता काय आणि भारांक थोडे बदलले तर नकाशा किती बदलतो, याविषयी मौन असते.

या रीतीतील दोष एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, उतार व प्रवाहजाल यांना प्रत्येकी ३० टक्के, आणि भूमी उपयोजन व खडक यांना प्रत्येकी २० टक्के भारांक दिला. पहिल्या जागेला पाचपैकी अनुक्रमे ५, ५, ५ आणि १ असे गुण मिळाले; दुसरीला ४, ४, ३ आणि ५. पहिलीची बेरीज ४.२, तर दुसरीची ४.० होते. नकाशा पहिली जागा निवडतो. पण पहिल्या जागी खडकाला केवळ एक गुण आहे, म्हणजे तेथे पाणी मुरणारच नाही. पाझर तलावाच्या दृष्टीने ही उणीव निर्णायक आहे. इतर तीन बाबी कितीही उत्तम असल्या तरी ती भरून निघत नाही. बेरजेत मात्र ती बुडून जाते. जमिनीचे काही गुण बेरजेचे असतात, काही नकाराधिकाराचे. हा भेद न करता केलेली बेरीज गणिताने बरोबर आणि व्यवहाराने चूक ठरते.

शिवाय एकच गुण दोन कामांच्या बाबतीत परस्परविरोधी ठरतो. भेगाळलेला खडक पाझर तलावासाठी वरदान, तर साठवण तलावासाठी शाप. तरीही 'जलसंधारण योग्यता' या एकाच शीर्षकाखाली सर्व रचनांसाठी एकच नकाशा सादर केलेला आढळतो. पाणी अडविणे आणि पाणी जिरविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, याचा विसर अशा वेळी पडलेला असतो.

६. सरासरी पाऊस आणि खरा पाऊस

पर्जन्याचा थर बहुधा वार्षिक सरासरीचा असतो. अवर्षणप्रवण भागात ही सरासरी फसवी ठरते. कारण नाल्यातून वाहणारे पाणी वर्षभरात किती पाऊस पडला यापेक्षा तो कसा पडला यावर अवलंबून असते. अपधावाच्या गणनेसाठी सर्रास वापरली जाणारी वक्रांक पद्धतच याची साक्ष देते. वक्रांक ८० धरला, तर मूळ सूत्रानुसार एका दिवसात पडलेल्या १०० मिलिमीटर पावसातून सुमारे ५०.५ मिलिमीटर अपधाव मिळतो. तेवढाच पाऊस दूरदूरच्या पाच दिवशी २०-२० मिलिमीटर पडला, तर प्रत्येक वेळी जेमतेम पाऊण मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे ३.८ मिलिमीटर अपधाव होतो. शंभर हेक्टरच्या पाणलोटात पहिल्या प्रकारात सुमारे ५०,५०० घनमीटर पाणी नाल्यात येईल. दुसऱ्या प्रकारात ३,८०० घनमीटरही नाही. वार्षिक सरासरीच्या नकाशावर ही दोन्ही वर्षे एकाच रंगाची दिसतील. पहिल्या वर्षी बांध फुटण्याची भीती, दुसऱ्या वर्षी तो कोरडा राहण्याची खात्री.

यात आणखी एक अडचण आहे. प्रकाशीय उपग्रहांना ढगांतून पाहता येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नाले प्रत्यक्ष वाहत असताना, महाराष्ट्राच्या निरभ्र प्रतिमा क्वचितच मिळतात. अभ्यासात वापरलेल्या प्रतिमा बहुधा नोव्हेंबरनंतरच्या असतात. पाण्याचे नियोजन आपण पाणी ओसरल्यानंतरच्या चित्रावरून करीत असतो. रडार प्रतिमांनी ही उणीव काही अंशी भरून निघते; २०१४ पासून सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठीतील वा महाराष्ट्राविषयीच्या निबंधांत त्यांचा वापर अजून विरळ आहे.

७. खडकाखालचे पाणी

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभागावर बेसाल्टचे थर पसरले आहेत. लाव्हाच्या एकामागून एक थरांनी बनलेल्या या खडकात पाणी सर्वत्र सारखे नसते. वरचा झिजलेला मुरूम, सच्छिद्र थर, दोन थरांमधील सांधे आणि भेगा यांत ते राहते. खालचा एकसंध काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. विहीर खोदणाऱ्या माणसाला मुरूम कोठे संपतो, मांजऱ्या कोठे लागतो आणि कातळ कोठे सुरू होतो, याचे ज्ञान असते. उपग्रहाला ते नसते. तो पृष्ठभाग पाहतो. पृष्ठभागावरील रेषीय वैशिष्ट्यांवरून भेगांचा अंदाज बांधला जातो खरा. परंतु प्रतिमेतील प्रत्येक सरळ रेषा भेग नसते. धुळे-नंदुरबार परिसरात अशा अनेक रेषा भित्तिखडकांच्या, म्हणजे डाइकच्या असतात, आणि एकसंध भित्तिखडक भूजलाचा प्रवाह अडवितो. एकाच दिसणाऱ्या रेषेचे दोन अर्थ आणि त्यावरून निघणारे दोन विरुद्ध निर्णय. येथे जमिनीवर जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

साठवणुकीची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. झिजलेल्या वा सांधेयुक्त बेसाल्टची विशिष्ट जलदेयता साधारण १ ते ३ टक्के मानली जाते. २ टक्के धरल्यास शंभर हेक्टर क्षेत्रात भूजल पातळी एक मीटर वाढण्यासाठी २०,००० घनमीटर पाणी पुरते. याचा अर्थ असा की, थोड्या पाण्याने विहिरींची पातळी झपाट्याने वाढते आणि थोड्याच उपशाने ती तितक्याच झपाट्याने खाली जाते. भूगर्भातील हे भांडे उथळ आहे. ते भरून वाहू लागल्यावर आणखी बांध घातल्याने त्यात भर पडत नाही. वरचा बांध भरला की खालच्या बांधाच्या वाट्याचे पाणी कमी होते, एवढेच. योग्यतेचा नकाशा प्रत्येक जागा सुटी तपासतो; मालिकेतील दहाव्या बांधाला पाणी उरेल काय, हा प्रश्न तो विचारीत नाही.

२०१२ पासून केंद्रीय भूजल मंडळाने हाती घेतलेला जलधर मानचित्रणाचा कार्यक्रम या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंतु त्याचेही मूळ प्रमाण १:५०,००० हेच आहे, आणि बेसाल्टमधील जलधर गावागणिक, कधी शेतागणिक बदलतो.

८. 'पडीक' नावाची जमीन

उपग्रह भूआच्छादन पाहतो. भूमी उपयोजन आपण त्याला चिकटवितो. राष्ट्रीय पातळीवरील पडीक जमिनींचा पहिला मानचित्रसंग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून 'पडीक' हा वर्ग जलसंधारणाच्या योग्यता नकाशांत हमखास वरचे गुण मिळवितो. कारण तेथे कामाला कोणाची हरकत नसेल असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात प्रतिमेवर करडे दिसणारे माळ म्हणजे गावाचे गायरान असते. मेंढपाळ धनगर पावसाळ्यानंतर तेथे मेंढ्या बसवितात, भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या तेथे चरतात, स्त्रिया जळण आणतात. माळावर सलग समतल चर खणून चराईबंदी केल्यावर पाणी खाली मुरते आणि पायथ्याच्या विहिरीत उतरते. ती विहीर ज्याच्या सातबाऱ्यावर आहे, त्याचे पीक वाढते. ज्यांनी माळ सोडला, त्यांच्याकडे विहीर नसते.

ही विषमता उपग्रहाने निर्माण केलेली नाही. पण 'पडीक' या एका रंगाने ती झाकली जाते. याउलट, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसांच्या संख्येशी जोडला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. त्या प्रयोगाच्या मर्यादांविषयी मतभेद असू शकतात. परंतु पाणी कोठे अडवायचे याआधी ते कोणाचे, हा प्रश्न त्याने विचारला होता. स्थळयोग्यतेच्या एकाही थरात हा प्रश्न नसतो.

९. मूल्यमापन : कामाचे छायाचित्र की पाण्याचा हिशेब?

डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. बावीस हजारांहून अधिक गावांत सहा लाखांहून अधिक कामे झाली. कामांची अक्षांश-रेखांशांसह छायाचित्रे घेऊन ती संकेतस्थळावर चढविण्याची व्यवस्था सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने करण्यात आली. काम झाले की नाही हे कोणालाही पाहता यावे, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु छायाचित्र बांध दाखविते. पाणी मुरले की नाही ते दाखवीत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये सादर झाला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही पाण्याच्या बाबतीत गावे स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्प असल्याचा निष्कर्ष त्यात नोंदविला होता. तत्पूर्वी अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा यांनी अभियानातील अशास्त्रीय कामांविरुद्ध, विशेषतः नाल्यांच्या बेसुमार खोलीकरणाविरुद्ध, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्याकडे नकाशे होते, पाणलोट क्षेत्रांची सीमांकने होती, भूजलाचे मूल्यांकन होते. तरीही यंत्रे नाल्यात उतरली ती बहुधा यंत्र कोठे सहज पोहोचते आणि खर्च कोठे लवकर दाखविता येतो, या तर्काने. माथा ते पायथा हे तत्त्व कागदावर राहिले. साधनांच्या अभावापेक्षा साधन निर्णयाच्या आधी वापरायचे की निर्णयाच्या समर्थनासाठी, हा प्रश्न येथे अधिक निर्णायक ठरला. याच अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला असल्याने ही चर्चा भूतकाळापुरती राहत नाही.

वनस्पती निर्देशांकावरून केलेल्या मूल्यमापनातही अशीच गल्लत संभवते. प्रकल्पापूर्वीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी ठेवून हिरवे क्षेत्र वाढल्याचे दाखविले जाते. पण दोन्ही वर्षांचा पाऊस सारखा होता काय? वाढलेला हिरवा रंग ज्वारी-हरभऱ्याचा की उसाचा? तो बांधाने मुरविलेल्या पाण्याचा की नव्या विंधन विहिरींच्या उपशाचा? अस्तर घातलेली शेततळी प्रतिमेवर निळ्या चौकोनांसारखी उठून दिसतात आणि जलसंधारणाच्या यशात गणली जातात. राज्यात अनेक ठिकाणी ती पावसाने न भरता विहिरी व विंधन विहिरींतून पाणी उपसून भरली जातात, हे आता अभ्यासकांनी पुरेसे नोंदविले आहे. भूगर्भातील सामाईक पाणी वर काढून, उन्हात उघडे ठेवून ते खाजगी केले जाते. आणि उपग्रहाला ते पाणी वाढल्यासारखे दिसते.

१०. पर्यायी वाटा

वरील विवेचनाचा अर्थ उपग्रह प्रतिमा टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. तिची योग्य जागा ठरवावी, एवढाच आग्रह आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पावसाची मोजणी, विहिरींच्या पातळीची नोंद आणि त्यानुसार पिकांचा निर्णय ही पद्धत रुजली. सिंचनासाठी विंधन विहिरींना बंदी आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर निर्बंध हे त्या यशाचे तितकेच महत्त्वाचे घटक होते. तेथे नकाशापेक्षा ताळेबंद आणि ताळेबंदापेक्षा तो पाळण्याची सामूहिक शिस्त मोठी ठरली. अलीकडच्या काळात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाची अंकीय पद्धत विकसित केली. मृदा, उतार आणि पीक यांच्या थरांना दैनंदिन पावसाची जोड देणारी ही दिशा योग्य आहे. कारण ती 'जागा कोठे' याबरोबर 'पाणी किती आणि कोणत्या पिकाला' हेही विचारते.

या अनुभवांच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(अ) प्रत्येक योग्यता नकाशावर मूळ सामग्रीचे विभेदन व उंचीतील त्रुटी स्पष्ट नोंदवावी आणि त्याहून सूक्ष्म निष्कर्ष काढू नयेत.

(आ) भारांकांची बेरीज करण्यापूर्वी नकाराधिकाराचे निकष लावावेत. पाझर तलाव, साठवण तलाव, नाला बांध यांचे नकाशे स्वतंत्र असावेत.

(इ) वार्षिक सरासरीऐवजी महसूल मंडळनिहाय दैनंदिन पर्जन्याच्या नोंदी वापराव्यात.

(ई) सुचविलेल्या जागांपैकी काही जागांची विहिरींच्या नोंदींवरून पडताळणी केल्याविना निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत.

(उ) नकाशा ग्रामसभेत गट क्रमांकांसह मांडावा. प्रत्येक कामाचे पाणी कोणत्या विहिरींना मिळेल आणि त्यासाठी कोणाची चराई वा वाट बंद होईल, हे त्याच वेळी सांगावे.

यांतील चौथी सूचना महाविद्यालयांना थेट लागू होते. ग्रामीण भागातील प्रत्येक महाविद्यालयाच्या परिसरात विहिरी आहेत, भूगोल व भूशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरेही होतात. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये पन्नास विहिरींची पातळी टेपने मोजून ठेवणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. दहा वर्षांच्या अशा वीस नोंदी हाती असलेला विभाग उपग्रहाच्या नकाशाला प्रश्न विचारू शकेल. त्या नसतील, तर नकाशावर विश्वास ठेवण्याखेरीज त्याच्याकडे पर्याय राहणार नाही.

११. समारोप

जलसंधारणाच्या नियोजनात सुदूर संवेदनाचा प्रवेश हा दुष्काळी कामांतील मनमानीवरचा उपाय म्हणून झाला. जागा कोणाच्या मर्जीने न ठरता जमिनीच्या गुणांनी ठरावी, हा त्यामागील न्याय्य विचार होता. कालांतराने मात्र नकाशाच एक नवी मर्जी बनण्याचा धोका निर्माण झाला. पूर्वी अधिकाऱ्याशी वाद घालता येई, संगणकातून निघालेल्या रंगाशी वाद कसा घालावा, हे गावकऱ्याला उमगत नाही. त्रुटी सांगणारा, पडताळणीला सामोरा जाणारा आणि गावाच्या भाषेत वाचता येणारा नकाशा हा त्यावरील उतारा आहे. वरून दिसणाऱ्या उताराला विहिरीच्या तळाशी दिसणाऱ्या खडकाची जोड मिळाली, तर हे शास्त्र दुष्काळी महाराष्ट्राच्या खऱ्या कामी येईल. तोवर शोधनिबंधांची आणि बांधांची संख्या वाढत राहील. उन्हाळ्यातील टँकरची संख्या त्या प्रमाणात घटेल, याची हमी मात्र कोणताही नकाशा देऊ शकणार नाही.